मोडायच्या आधी घरी जायचं

निलंगा
दि. १४ जून २०२४

आयु. नागसेन यास,
अक्काचा सप्रेम जयभीम आणि अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझा अंगठा मिळाला. गेल्या रविवारी मी मोबाइलवर चष्मा लावून, एकेक अक्षर शोधून तुला बावीस ओळी लिहिल्या आणि उत्तर म्हणून तू एक पिवळा अंगठा पाठवलास. नागसेन, आपल्या आज्यानं तहसिलीतल्या कागदांवर जन्मभर अंगठाच उठवला. आप्पा शाळेत शिपाई असताना दोन घंटांच्या मधल्या वेळात सही शिकले. मी चौतीस वर्षं खडू झिजवला, तू विष्णुपुरीला जाऊन इंजिनियर झालास. हे सगळं आपण पुन्हा अंगठ्यावर येण्यासाठी केलं नव्हतं. तेव्हा आजपासून माझा मोबाइल कपाटावर. काय लिहायचं ते कागदावर लिही आणि पोस्टात टाक. फोनवर तर मला काही उमगतच नाही. डावा कान पुरता गेला आणि उजव्यात दिवसभर गिरणी चालू असते.

पेपरात तुझा फोटो आला होता, पुरस्कार घेताना. शेजारच्या पार्वतीबाईंनी आणून दाखवला. वाळला लई, असं त्या म्हणाल्या. म्हणजे ओठांवरून मला तसं कळलं. आईच्या नावाची कंपनी पेपरात छापून आली याचा फार आनंद झाला. ‘चतुरा गुंतवणूक सेवा’. चतुराबाईला आयुष्यात बँकेची पायरी चढायला मिळाली नाही, आणि आता तिचं नाव पाटीवर आहे.

पण तुझ्या कामाची रीत त्या बातमीदाराला काही कळलेली नाही. त्यानं नुसते आकडे दिलेत. मला विचारायला हवं होतं, मी तुझं पहिलं गिऱ्हाईक. २००९ साली मुंबईची नोकरी सोडून तू आलास आणि सख्ख्या बहिणीच्या घरी परक्यासारखा आलास. चपला दाराबाहेर काढल्यास, वेताच्या खुर्चीत बसलास, चहा घेतलास आणि गंभीर तोंडानं मला विचारलंस, की बाई, हे पैसे कशासाठी ठेवायचेत. मी हसून हसून बेजार. तू हसला नाहीस. तू म्हणालास, विकणारे लोक गिऱ्हाइकाच्या घरी एकदाच जातात, मी दोनदा जाणार. पैसे घेताना एकदा, आणि कुणाला मोडायचे असतील तर मोडायच्या आधी एकदा. मोडू नका असं म्हणायचं नाही. नुसतं बसायचं, आणि पैसे कशासाठी ठेवले होते ते त्यांनीच लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायचं.

कागदावरचा ‘पैसे कशासाठी’ हा माझा रकाना मी रिकामा ठेवला होता. पुढे सांगीन म्हणाले होते. तू चिडलास, पण थोरली बहीण म्हणून चालवून घेतलंस.

तुझे दाजी जाऊन सहा वर्षं झाली. घरात माझं मीच बोलते आणि तेही मला ऐकू येत नाही. एकदा ये. सत्काराला नको, भाषणाला नको, जेवायला ये. धपाटे करीन.

रूपालीस व पोरीस आशीर्वाद. माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.

तुझी,
पंचशीला अक्का

•

नांदेड
दि. ३ जुलै २०२४

आयु. अक्कास,
नागसेनचा सा. जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ऑफिसात एकटाच हसलो, तर बाहेरून दोघं काय झालं म्हणून बघायला आले. साहेब हसत नाहीत अशी इथे समजूत आहे. अंगठ्याबद्दल माफी. हे पत्र लिहायला बसलो तर तीन मजल्यांच्या ऑफिसात रेघांचा एक कागद मिळेना. शेवटी गेटवरच्या वॉचमननं आपल्या वहीतला फाडून दिला. अक्षर बघून रागावू नकोस, सह्यांशिवाय हाताला सवय उरलेली नाही.

तू रीत लिहिलीस आणि मला ते दिवस आठवले. वजिराबादेतल्या जिन्याखालची खोली, जुनी स्कूटर, लोहा, कंधार, अहमदपूर. दिवसाला सतरा-सतरा चहा. मुंबईत शेअर दलालाच्या कंपनीत पंधरा वर्षं काढली. तिथे मी हजारो लोकांचे पैसे हलवले आणि त्यांतल्या एकाचंही घर बघितलं नाही. बाजार पडला की लोक फोन करायचे आणि आम्ही त्यांना तक्ते पाठवायचो. पुढे मला कळलं, की अशा वेळी माणसाला तक्ता नको असतो. कुणीतरी शेजारी येऊन बसायला हवं असतं. २०२० साली बाजार कोसळला तेव्हा चाळीस घरांनी मोडतो म्हणून कळवलं. मी तोंडाला फडकं बांधून चाळीसही अंगणांत उभा राहिलो. कुणी पोरीच्या नर्सिंगसाठी लिहिलं होतं, कुणी दोन खोल्यांसाठी. त्यांचंच लिहिलेलं वाचून दाखवलं. सदतीस घरांनी मोडलं नाही. माझी एवढीच अक्कल आहे, आणि त्यावर लोक मला पुरस्कार देतात.

आता चौदा हजार घरं झाली. मुंबईची एक मोठी कंपनी आपली ‘चतुरा’ विकत घेऊ म्हणते. त्यांना आपली रीत फार आवडली आहे. त्यांची माणसं येऊन तीन दिवस वही भरून गेली.

रूपाली पोरीच्या शिक्षणासाठी पुण्याला आहे, तिथेच ती रुळली. मी घरी डबा लावला आहे. बरा असतो. घर मोठं बांधलं खरं, पण मी स्वयंपाकघर आणि एक खोली एवढंच वापरतो.

यंदा धम्मचक्र दिनाला नक्की येतो. १२ ऑक्टोबर, शनिवार. धपाटे जाड थाप, आई थापायची तसे.

प्रकृतीस जपावे. आशीर्वाद कमी पडू देऊ नकोस.

तुझा,
नागसेन

•

निलंगा
दि. २१ ऑक्टोबर २०२४

आयु. नागसेन यास,
सप्रेम जयभीम, अ. उ. आ. वि. वि.

मी रागावलेले नाही, हे आधी लिहून टाकते. मुंबईचे साहेब लोक ऐन वेळी आले, तू तरी काय करणार. तुझ्या ड्रायव्हरनं मिठाईचा मोठा पुडा आणून दिला, सोबत सुंदर छापलेलं शुभेच्छापत्र. त्यावर तुझी सही होती. नीट बघितली तर तीही छापलेली. पुडा विहारात नेऊन वाटला. धपाटे मात्र मी आणि पार्वतीबाई तीन दिवस खात होतो.

विहारात वंदनेला गेले. सगळे म्हणतात तेव्हा ओठ बघून मीही म्हणते, पाठ आहे म्हणून चालून जातं. परत आले, पांढरी साडी बदलली नाही, तशीच दाराशी बसून राहिले. दुपारपर्यंत तरी येशील असं वाटत होतं. मिठाईचा पुडा दुपारीच आला.

पार्वतीबाईंशी तुझा विषय निघाला. २०१३ साली त्यांनी लेकीच्या लग्नासाठी तुझ्याकडचे पैसे मोडायला काढले होते, आठवतं? तेव्हा तू नांदेडाहून खास आलास. त्यांच्या ओसरीवर दोन तास बसलास. त्यांच्या नवऱ्याचं दुखणं, म्हशीचं दूध, लेकीची पत्रिका, सगळं ऐकून घेतलंस. जाता जाता माझ्याकडे डोकावलास, ते दहा मिनिटं. उभ्यानं पाणी प्यालास. त्यांना ते अजून अप्रूप वाटतं. अहो, तुमचा भाऊ माझ्यापाशी दोन तास बसला, असं त्या बोटं दाखवून मला सांगत होत्या.

मी ऐकून घेतलं. ऐकून म्हणजे बघून. बहिणीपेक्षा गिऱ्हाईक झालेलं बरं, असा विचार मनात येऊन गेला. मग म्हटलं, अगं बाई, तू गिऱ्हाईकसुद्धा आहेस की.

असो. सोयाबीन निघालं, गल्लीत सगळीकडे भुसा उडतो. माझी तब्येत चांगली आहे. घराला चुना देऊन घेणार आहे.

विसर पडू नये, एवढीच मागणी.

तुझी,
अक्का

•

नांदेड
दि. १४ नोव्हेंबर २०२४

आयु. अक्कास,
सा. जयभीम. वि. वि.

निलंग्याच्या आपल्या प्रतिनिधीकडून तुझा अर्ज आला. सगळेच पैसे मोडायचे असं तू लिहिलं आहेस. कारणाच्या जागी रेघ मारली आहेस. मी अर्ज दोनदा वाचला. अक्का, काय झालं? कसलं दुखणं निघालं का? कुणाला काही कबूल करून बसलीस का? पैसेच हवे असतील तर मी आज पाठवतो, माझे. पंधरा वर्षांची ठेव आहे, बाजार सध्या खाली आहे, अशा वेळी मोडणं बरं नाही. हे मी भाऊ म्हणून सांगतो आहे की कंपनी म्हणून, ते माझं मलाच कळत नाही.

मी स्वतः यायला हवं होतं हे मला कळतं. पण दोन वर्षांपासून आपण रीत बदलली आहे, हे मी तुला लिहिलं नव्हतं. एवढ्या घरांना मी एकटा पुरत नाही. आता मोडायच्या आधीच्या भेटी विभागाची माणसं करतात. पुष्कळदा तर मोबाइलवरच होतात. तुझ्यासाठी मी ऑफिसातली सगळ्यात चांगली मुलगी पाठवतो आहे, तनुजा. शुक्रवारी, २२ तारखेला दुपारी येईल. मी तिला स्वतः शिकवलं आहे. तिच्याशी बोल. तुला ऐकू येत नाही हे तिला सांगितलं आहे, ती पाटी-पेन घेऊन येईल.

१६ डिसेंबरला मुंबईवाल्यांच्या कागदांवर सह्या आहेत. ते उरकलं की मी मोकळाच आहे.

काळजी वाटते. लगेच लिही.

तुझा,
नागसेन

•

नांदेड
दि. २३ नोव्हेंबर २०२४

मा. सरांना,
तनुजाचा सा. न. वि. वि.

सर, काल निलंग्याची भेट झाली. टॅबमधल्या अहवालात भेटीच्या निकालासाठी चारच पर्याय आहेत आणि चारांतला एकही इथे बसत नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे. चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

मी गाडीतून उतरले तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. नवीन पातळ नेसल्या होत्या. त्यांनी मला बघितलं, हसल्या, आणि मग माझ्या मागे गाडीकडे बघत राहिल्या. ड्रायव्हरनं दार लावून गाडी सावलीला नेली तरी बघत होत्या. मी पाटीवर माझं नाव लिहून दाखवलं. तेव्हा त्यांनी मला आत घेतलं.

घराला ताजा चुना होता. समोर एक वेताची खुर्ची, तिच्यावर धुतलेली चादर घडी करून घातलेली. मी तिच्यात बसायला गेले, तर त्यांनी हाताला धरून मला पलंगावर बसवलं. जेवायला दोन ताटं मांडलेली होती. धपाटे खूप होते, जाड थापलेले. दुसरं ताट त्यांनी मला दिलं, पण आधी एकदा दाराबाहेर डोकावून आल्या.

आपल्या रीतीप्रमाणे मी पैसे ठेवतानाचा कागद काढला. उद्देशाचा रकाना रिकामा आहे. तुम्हाला ठाऊक असेलच. तो आता भरता का, असं मी पाटीवर विचारलं. ज्यानं विचारलं होतं त्यालाच सांगीन, असं त्या म्हणाल्या. पैशाची कसली नड आहे का विचारलं, तर नड न्हाई गं माय, पेन्शन पुरून उरते, म्हणाल्या. नंतर त्यांनी अर्ज परत मागून घेतला आणि चार तुकडे केले. मोडायचं नाही म्हणाल्या. उरलेले धपाटे मला बांधून दिले आणि सर नीट जेवतात का, एवढंच विचारलं. मला उत्तर माहीत नव्हतं. मी हो लिहिलं.

सर, तुम्ही आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, की मोडणाऱ्याच्या घरी गेलात की आधी तिजोरी बघू नका, घरात माणसं किती ते बघा. मी बघितलं. एक.

कळावे. काही कमीजास्त लिहिलं असल्यास क्षमा असावी.

आपली,
तनुजा

•

नांदेड
दि. १ डिसेंबर २०२४

आयु. अक्कास,
सा. जयभीम. वि. वि.

तनुजाचं पत्र आठ दिवस खिशात आहे. पैसे मोडायचे म्हटलं की मी येतो, हे तू बरोबर धरलं होतंस, अक्का. रीत बदलेपर्यंत ते एकदाही चुकलं नव्हतं. आणि नेमकं तुझ्याच वेळी मी माझ्या जागी माणूस पाठवलं. माझी मला लाज वाटते. याहून चांगला शब्द मला सापडत नाही.

तुला एक सांगतो, अजून कुणाला सांगितलेलं नाही. मुंबईच्या लोकांबरोबर बोलणी चालू होती तेव्हा त्यांच्यातल्या एका तरुण साहेबानं सहज विचारलं, की एवढी रक्कम हाती येईल तिचं तुम्ही काय करणार. चौदा हजार घरांत मी हाच प्रश्न विचारला होता. मी पाणी मागितलं. रूपालीला फोन करून विचारलं, तर तुमचं तुम्हाला पटेल ते करा म्हणाली. पोरगी म्हणाली, छान की बाबा. दोघींचंही खरं आहे. विकावं असंही वाटत नाही आणि ठेवून करायचं काय तेही कळत नाही. मी गिऱ्हाइकांच्या घरी जाणं बंद केलं, त्याला कुणी काही म्हणालं नाही. आता मी ऑफिसात गेलो नाही तरी चालेल असं दिसतं. माझा मजला सगळ्यात वरचा. लिफ्टमध्ये कुणी बरोबर असलं तर खालीच उतरून जातं.

सोळा तारखेच्या सह्या झाल्या की लगेच येतो. या वेळी नक्की.

माझ्यावरची माया अजून शिल्लक असेल, तर ती राहू दे.

तुझा,
नागसेन

•

निलंगा, तुझ्या घरी
दि. १५ डिसेंबर २०२४, दुपार

आयु. अक्कास,
जयभीम. वि. वि.

सह्या उद्या आहेत. सकाळी दाढी करताना मनात आलं, की सह्या झाल्यावर जाणं म्हणजे मोडल्यावर घरी जाणं. तसाच गाडी काढून निघालो. कळवलं तर तू दारात उभी राहशील, म्हणून न कळवता आलो.

दाराला कुलूप. तुला फोन लावला तर आत कपाटावर वाजला. पार्वतीबाई बाहेर आल्या, मला बघून कपाळाला हात लावला आणि सांगितलं, की तुमच्याकडंच गेलीय की ती, पहाटंच्या गाडीनं, नांदेडला. किल्ली त्यांच्याकडे होती. लगेच तनुजाला फोन करून माझ्या घरी बघायला पाठवलं. ती म्हणते, तू माझ्या दारात पायरीवर बसली आहेस.

पार्वतीबाई चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत, तो उकळेपर्यंत हे लिहितो आहे. डबा उघडून बघितला. सगळे धपाटे तू घेऊन गेलीस. वेताच्या खुर्चीत बसलो आहे. इथून दार सरळ दिसतं, आणि बाहेरची वाटही. तू काय बघत बसतेस ते आज कळलं.

भेटीचा कागद सवयीनं पिशवीत होता, त्याच्याच पाठीवर लिहिलं. चुलीपाशी ठेवून निघतो.

नागसेन

•

नांदेड, तुझ्या घरी
दि. १५ डिसेंबर २०२४

आयु. नागसेन यास,
सप्रेम जयभीम, अ. उ. आ. वि. वि.

तू माझ्या घरी आणि मी तुझ्या. तनुजानं पाटीवर लिहून दाखवलं तेव्हा मी इतकी हसले की ती पोर घाबरली. नंतर रडूही आलं. तिनंच ऑफिसातली जादा किल्ली आणून दार उघडून दिलं. तुला पोचायला अजून तीन तास आहेत असं ती म्हणते, म्हणून लिहायला बसले. तोंडावर मला हे बोलता येणार नाही. तू काय उत्तर देतोस ते ऐकू येत नाही, मग माणूस मधेच गप्प होतो.

तू लिहिलंस की सह्या झाल्या की येतो. ते वाचलं आणि मी म्हटलं, हा आपलीच रीत विसरला. मोडायच्या आधी घरी जायचं. तुझ्याकडे कोण जाणार? चौदा हजार घरांत तू गेलास, पण तुझ्या घरी जाणं कुणाचं काम आहे हे कुठल्याच कागदात लिहिलेलं नाही. म्हणून मी आले. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी अर्धा तास थांबली, तिथे खाली उतरून चहा घेतला. कंडक्टर चांगला होता, प्रत्येक ठिकाण आलं की खांद्याला हात लावून सांगत होता.

तुझं घर बघितलं. सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. जेवणाच्या टेबलाला सहा खुर्च्या, त्यातल्या एकीचीच गादी दबलेली. मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक पेला. घरात माणसं किती ते आधी बघायचं, असं तू शिकवतोस ना? तनुजानं पाटीवर लिहून सांगितलं. मी बघितलं. एक.

आता रीतीप्रमाणे विचारते. नागसेन, मोडून कशासाठी? विकू नको असं मी म्हणत नाही. मला त्यातलं कळतही नाही. पण उत्तर लिहून दे, आणि रकाना रिकामा ठेवशील तर चिडेन.

माझा रकाना आज भरते. २००९ साली तू माझ्यासमोर त्या खुर्चीत बसलास तेव्हा धंदा सुरू करून बारा दिवस झाले होते आणि एकाही माणसानं तुला पैसे दिले नव्हते. तू ते बोलला नाहीस, पण तुझी नवी वही मी चाळली होती, कोरी होती. मुंबई सोडलेली, आणि इथे कुणी ओळख देईना. मला कसलेच पैसे ठेवायचे नव्हते, तुझ्या दाजींना न विचारता ठेवले. कशासाठी, ते तेव्हा तुझ्या तोंडावर सांगितलं असतं तर तुला लागलं असतं. आता लिही: नागसेन एकटा पडू नये म्हणून.

उद्देश अजून पुरा झालेला नाही. म्हणून मला मोडायचं नाही.

चार दिवस राहीन म्हणते. दुसरं ताट तनुजानं तिच्या घरून आणून दिलं आहे, दोन्ही मांडून ठेवली आहेत. धपाटे गार झाले, तव्यावर टाकीन तू आल्यावर. लोभ आहे तेवढा पुष्कळ आहे, येणं-जाणं तेवढं वाढव.

दार नुसतं लोटलेलं आहे. बेल वाजवत उभा राहू नकोस, मला ऐकू येणार नाही. सरळ आत ये.

तुझी,
पंचशीला अक्का